व्याह्यांसाठी रंगवलेली ढाल

पंढरीनाथ कदम माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट माणसानं वाईट केलं तर त्यात धक्का कसला बसायचा? ड्युसेलडॉर्फच्या मराठी मंडळात कुणाला घर मिळेना, कुणाचा व्हिसा अडला, कुणाची म्हातारी आई विमानतळावर एकटी उतरणार असली, की पहिला फोन पंढरीनाथला. स्वतःची ओपेल गाडी काढून जायचा. परत आल्यावर कुणाला सांगायचासुद्धा नाही.

त्याची बायको नंदा त्याच्याशी लग्न करून साताऱ्याहून आली ती इथलीच झाली. दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासण्यात तिचं नोकरीचं आयुष्य गेलं. नवऱ्याबद्दल तिला एक गर्व होता आणि तो ती बोलून दाखवायची: आमच्या ह्यांना जात कळत नाही. खरोखरच कळत नाही.

असा गर्व करू नये कुणी. जात ही काही न कळण्यासारखी गोष्ट नाही. विमानतळावर बॅगेचं वजन करतात, हिचं कुणी करत नाही, म्हणून ती सगळ्यात सोपी पोचते.

निवृत्त झाल्यावर पंढरीनाथ इतिहासाच्या नादी लागला. जवळच्या एका गावातल्या इतिहासप्रेमींचं फेराइन, म्हणजे मंडळ होतं, त्या सगळ्या गोऱ्या म्हाताऱ्यांत हा एकटा सावळा. दर महिन्याला पाहुण्यांना गाडीत घालून तो त्स्युल्पिशच्या माळावर न्यायचा आणि क्लोव्हिस राजाची गोष्ट सांगायचा. नंदाला ती पाठ होती. तरी त्या ऑक्टोबरात ती पुन्हा बरोबर गेली, कारण या खेपेचे पाहुणे होणारे व्याही होते.

व्याही म्हणजे यादवराव गजभिये, नागपूरचे वकील. त्यांचा मुलगा संघर्ष कोलोनला एका संस्थेत संशोधन करत होता आणि पंढरीनाथ-नंदाच्या एकुलत्या एका मुलीशी, कुहूशी, त्याचं जमलं होतं. रविवारी साखरपुडा. यादवरावांची बायको वारलेली, म्हणून ते एकटेच आले होते. विमानतळावर त्यांनी "जय भीम" म्हणून हात जोडले. पंढरीनाथ म्हणाला, "नमस्कार, नमस्कार, या." नंदाच्या कानाला ते तेव्हा खटकलं नाही. नमस्कारात खटकण्यासारखं काय असतं?

माळावर वारा बोचरा होता. बीटरूटसारखे कंद काढून झालेली काळी शेतं लांबवर पसरलेली. कुहू आणि संघर्ष गाडीला टेकून एकाच मफलरमध्ये दोघांचे गळे गुंडाळायचा खेळ करत होते. पंढरीनाथनं थर्मासमधला चहा ओतून व्याह्यांच्या हातात दिला.

"आल्झो, तर लढाई इथे झाली म्हणतात. इथेच झाली का, ते छातीठोक कुणी सांगत नाही, पण आमचं फेराइन इथेच सांगतं."

"तुमच्या फेराइनला इथून जवळ पडत असेल," यादवराव म्हणाले.

पंढरीनाथ हसला. "गेनाऊ, अगदी बरोबर. तर फ्रँक लोकांचा राजा क्लोव्हिस, आणि समोर अलेमान. पंधराशे वर्षं झाली. राजा हरत आला होता. बायको ख्रिस्ती, हा जुन्या देवांचा. शेवटी हा तिच्या देवाला म्हणाला, जिंकव मला, मी तुझा. आणि जिंकला. मग पाण्यात उतरला, धर्म घेतला. मागोमाग हजारो सैनिक उतरले."

"हजारो." यादवरावांनी चहाचा घोट घेतला. "दीक्षाभूमीवर आमचे लाखो होते. मी बापाच्या खांद्यावर बसलेलो. समोर नुसती पांढरी लुगडी अन् पांढरे सदरे."

"तेच तर म्हणतोय मी. तुमचीच गोष्ट आहे ही. म्हणून तर मुद्दाम आणलं तुम्हाला. आता ढालीची गंमत ऐका. राजाच्या ढालीवर आधी तीन बेडूक होते. काळे, फुगलेले. धर्म बदलला आणि देवदूत आला. बेडूक गेले, त्यांच्या जागी तीन सोनेरी लिलीची फुलं. पुढे फ्रान्सच्या राजांनी कैक शतकं ती फुलं मिरवली."

"खरं आहे का हे?"

"छे हो. राजा मेल्यावर कित्येक शतकांनी लोकांनी रचलेलं. त्याच्या काळात कुठली लिली आणि कुठली ढाल. पण शोभतं की नाही?"

"मंग बेडकं बी रचलेलीच नं?"

पंढरीनाथनं थर्मासचं झाकण लावता लावता वर पाहिलं.

"नाही, म्हणजे फुलं खोटी अन् बेडकं तेवढी खरी, असं कसं जमेल, कदमसाहेब? राजाचे जुने देव बेडूक होते हे सांगितलं कोणी? नव्या पुरोहितानं. आधीचं सगळं घाण होतं म्हटल्याबिगर त्याच्या फुलांना भाव कसा येईल?"

"वकीलसाहेब, तुम्ही आमचा साक्षीदारच फोडलात." पंढरीनाथ मोठ्यानं हसला. यादवरावही हसले. नंदाला फार बरं वाटलं. दोन माणसं एकमेकांना टोमणे मारून हसली की सोयरीक बसली म्हणायची. तिनं मनात जेवणाचं ठरवायला घेतलं.

आता मागचं थोडं सांगायला हवं.

वसंतात कुहूनं फोनवर पहिल्यांदा संघर्षचं नाव घेतलं, तेव्हा नंदाच्या तोंडून निघालेला पहिला प्रश्न होता, "आडनाव काय त्याचं?" मुलगा काय करतो नाही, कसा वागतो नाही, तुला हसवतो का नाही. आडनाव. कुहू म्हणाली, "गजभिये. वारुम? का?" इथे वाढलेली पोर, तिला खरंच कळेना की आई का विचारते. नंदा म्हणाली, असंच. आणि त्या रात्री तिला झोप आली नाही.

सकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. पंढरीनाथ पावावर लोणी लावत होता. "बरं मग?" म्हणाला. "इतकी वर्षं इथे राहून तू अजून साताऱ्यातच आहेस की काय?" नंदा खजील झाली. आणि खजील झाल्याचा तिला आनंदही झाला, की आपण कोत्या असलो तरी आपला नवरा मोठा आहे.

पुढे संघर्ष पहिल्यांदा घरी जेवायला आला. बैठकीच्या खोलीत कदमांची ढाल टांगलेली होती. इथले लोक घराण्याचं चिन्ह काढून घेतात, वापेन म्हणतात त्याला, तसं पंढरीनाथनं एका चित्रकाराकडून कदमांचं करून घेतलं होतं. निळ्या रंगावर कळंबाची डहाळी, कारण कदमांचं देवक कळंब. संघर्ष ते बघत उभा राहिला तेव्हा पंढरीनाथनं सहज विचारलं, "तुमचं देवक काय रे?"

कुणाही मराठी माणसाला देवक असणारच, हे त्यानं गृहीत धरलं होतं. जसं कुणाला नाक असणारच.

"काका, आमच्या आजोबांनी छप्पन साली घरातले देव गोणपाटात बांधून तलावात सोडले," संघर्ष म्हणाला. "देवकबिवक त्यातच गेलं असेल. आम्हाला नाहीये काही."

"अरेरे," पंढरीनाथ म्हणाला.

संघर्षला त्यात हळहळण्यासारखं काही दिसलं नाही. तो भाजी वाढून घेत म्हणाला, "आजी सांगायची, घर किती मोकळं झालं म्हणून." नंदा हसली. पण 'अरेरे' तिच्या लक्षात राहिलं. तिला वाटलं, इतिहासाचा नाद आहे, जुन्या वस्तू गेल्या म्हणून वाईट वाटलं असेल.

तो सगळा उन्हाळा शहरभर गॅलऱ्यांतून फुटबॉलचे झेंडे लटकत होते आणि पंढरीनाथ तळघरात होता. टर्पेंटाइनचा वास जिन्यापर्यंत यायचा. दाराला आतून कडी. नंदानं विचारलं तर, "सरप्राइज. साखरपुड्यापर्यंत कळ काढ."

रविवारी दुपारी शहराच्या बेनराथ भागातल्या सभागृहात मंडळ जमलं. श्रीखंड-पुरी, मसालेभात, बटाट्याची भाजी. बायका पैठण्यांवर कोट घालून आल्या, कोट काढून सरळ आरशाकडे गेल्या. कार्यक्रम ठरलेला होता. आधी यादवराव त्रिसरण-पंचशील म्हणणार, मग नंदा कुंकू लावून अंगठ्या घालायला लावणार, मग जेवण. कुहूनं त्रिसरण पाठ केलं होतं. तिचा उच्चार जर्मन होता. संघर्ष तिला चिडवायचा, की बुद्धानं हे ऐकलं असतं तर पालीऐवजी जर्मनमध्येच बोलला असता.

यादवरावांनी हातातल्या बॅगेतून, स्वेटरमध्ये गुंडाळून, बाबासाहेबांची तसबीर आणली होती. बुद्धाची मूर्ती आणि तसबीर त्यांनी समोरच्या टेबलावर मांडली, खिशातल्या रुमालानं काच पुसली आणि ते हात धुवायला गेले.

पंढरीनाथ घाईघाईनं आला. हातात कापडानं झाकलेलं काहीतरी भलंमोठं. "नंदा, ती तसबीर जरा बाजूला घे. मूर्ती राहू दे, मूर्ती छान दिसते. मला ह्याला जागा हवी."

नंदानं तसबीर उचलली. नीट लक्षात घ्या, तिनंच उचलली. बाजूच्या टेबलावर पाण्याचे जग होते, त्यांच्या मागे ठेवली. तेव्हा तिच्या मनात एवढंच होतं, की काच फुटायला नको.

लोक बसले. हात धुऊन आलेल्या यादवरावांना वाटलं, तसबीर कापडाच्या मागे असेल. पंढरीनाथ माइकपुढे उभा राहिला आणि त्रिसरणाच्या आधी दोन शब्द बोलतो म्हणाला. क्लोव्हिस राजा आला. लढाई आली. मंडळातल्या लोकांनी एकमेकांकडे बघून डोळे मिचकावले, कारण हे सगळ्यांनी दर गणपतीला ऐकलेलं. मग बेडूक आले आणि फुलं आली.

"माणूस बदलला की त्याची खूण बदलते," पंढरीनाथ म्हणाला. "आमच्या जावयाच्या घराण्यानंही मोठं धाडस करून जुनं सोडून दिलं. पण नवी खूण त्यांना कुणी दिलीच नाही. आज ती देण्याचं भाग्य मला मिळतंय." आणि त्यानं कापड ओढलं.

लाकडावर रंगवलेल्या दोन ढाली. इकडचे खानदानी लोक लग्नात काढतात तशा, एकमेकींकडे जरा झुकलेल्या. डावीकडे कदमांचा कळंब. उजवीकडे तांबड्यावर तीन सोनेरी कमळं आणि मधून एक तलवार. काम सुरेख होतं. खाली सोनेरी अक्षरांत जर्मन आणि मराठीत दोन ओळी: 'कुहू पंढरीनाथ कदम.' आणि दुसरी: 'संघर्ष यादवराव, देवगिरीच्या यादवांच्या पदरचे प्राचीन सरदार घराणे.'

आडनाव गाळलं होतं.

टाळ्या पडल्या. नंदानंही वाजवल्या, दोनतीनदा. मग तिनं ओळ पुन्हा वाचली आणि तिचे हात तसेच हवेत राहिले. जिन्याची पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं झालं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा फुललेला. लबाडी करून पकडला जाईल म्हणून भ्यालेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता, हातानं केलेलं काही देणाऱ्या माणसाचा होता.

आणि मग तिला सभागृह दिसलं. लोकांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं होतं. आतापर्यंत जी माणसं जरा ताठ बसली होती, ती खुर्चीत सैल झाली. मंडळाचा सचिव श्रीरंग पहिल्या रांगेत होता. तो मागे वळून कुणाला तरी म्हणाला, "मग हे आधी नाही का सांगायचं. सरदार घराणं म्हणजे आपल्यातलेच की." मागून एक बाई म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं, रंगावरून वाटतच नाहीत."

म्हणजे ही सगळी माणसं महिनोन् महिने हेच चघळत होती. पुरणपोळ्या खाताना, सहलीत, नंदाच्या स्वयंपाकघरात उभं राहून.

यादवराव उठले. आवाज चढवला नाही. कोर्टात उठतात तसे उठले, कोटाचं बटण लावत.

"कदमसाहेब, एक विचारू?"

"विचारा की."

"ह्या ढालीवर कोण आहे?"

"तुम्ही. तुमचं घराणं."

"आम्ही कोणत्या काळात देवगिरीला होतो?"

पंढरीनाथ हसला. "आता वकीलसाहेब, तसा पुरावा कुणाजवळ असतो? पण नसालच असंही कुणी म्हणू शकत नाही."

"मी म्हणू शकतो. माझा आजा मेलेली ढोरं ओढत होता. माझा बाप गिरणीत होता. मी वकील आहे. तीन पिढ्या मला तोंडपाठ आहेत, त्यात सरदार कोणीच नाही. आमचं आडनाव कुठं आहे?"

"ते जागेअभावी..."

"तुमचं मावलं."

सभागृहात कुणीतरी खोकलं. पंढरीनाथनं माइक बाजूला केला आणि हळू आवाजात, समजुतीच्या सुरात म्हणाला, "अहो यादवराव, सगळं सगळ्यांना सांगायची काय गरज असते? मला काही फरक पडत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण उद्या हेच लोक कुहूला काही बोलले तर? मी तुमचंच झाकतोय."

माइक बाजूला केला होता, बंद केला नव्हता. 'तुमचंच झाकतोय' हे मागच्या रांगेपर्यंत गेलं.

संघर्ष आतापर्यंत खुर्चीतच होता, ओठ पांढरे पडलेले. तो म्हणाला, "काका, मला एकदा विचारायचं होतंत."

"तू नाही म्हणाला असतास."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

पंढरीनाथ इकडेतिकडे बघू लागला, बुडता माणूस बघतो तसा, आणि त्याची नजर तिच्यावर आली.

"नंदाला विचारा. मला कधी काही वाटलंच नाही. पहिल्याच दिवशी आडनाव कुणी विचारलं? हिनं. रात्रभर झोपली नाही. मी सगळं निभावून नेलं. मी."

कुहू उठली होती. तिनं ढालीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, मग आईकडे. "आई? वास माइन्ट एअर?" काय म्हणतोय हा? "तेव्हा तू आडनाव विचारलंस, ते ह्यासाठी? डेस्हाल्ब?"

आता नंदापुढे दोन रस्ते होते. लाजून हसून 'अगं, सहज विचारलं होतं' म्हणता आलं असतं. सगळ्या बायकांनी तिची बाजू घेतली असती, त्यांनीही तेच विचारलं असतं ना. पण पोरीचे डोळे तिच्यावर असे लागले होते, जसा लॅबमध्ये सुई टोचायच्या आधी पेशंट बघतो. खोटं बोललं तर ह्या नजरेतून आपण कायमच्या उतरू, एवढं तिला कळलं. खरं बोललं तरी उतरणारच होतो.

"हो," ती म्हणाली. "त्यासाठीच विचारलं होतं."

कुहूनं मान हलवली, हळूहळू, जसं काही एखादा लांबचा हिशोब तिला लागत होता.

यादवराव नंदाकडे वळले. "ताई, तुम्ही विचारलं तरी. विचारणाऱ्याला उत्तर ऐकायची तयारी तं ठेवावी लागते. यांनी विचारलंच नाही. यांनी माझ्या बापाला बेडूक धरलं अन् वरून फुलं काढली." मग ते पंढरीनाथला म्हणाले, "साहेब, तुमच्या त्या राजानं देव बदलले तेव्हा त्याच्यामागं फौज होती. आम्ही बदलले तेव्हा गावानं आमची विहीर बंद केली. तरी झाकलं नाही. आता, ह्या वयात, जर्मनीत येऊन झाकू?"

ते तसबीर ठेवलेल्या टेबलाकडे गेले. तिथे तसबीर नव्हती. त्यांनी टेबलाच्या खाली पाहिलं. तो क्षण नंदाला पुढे कधी विसरता आला नाही: तो उंच, नीटस माणूस टेबलाखाली वाकून बघतोय आणि तिला बोलता येत नाहीये. शेवटी कुहूला पाण्याच्या जगांमागे चौकट दिसली. काचेवर पाण्याचे थेंब उडाले होते. तिनं ते आपल्या शालूच्या पदरानं पुसले.

"इथं कुणी ठेवली?" तिनं मराठीत विचारलं. स्वच्छ मराठीत.

"मी," नंदा म्हणाली.

तसबीर छातीशी धरून कुहू यादवरावांना म्हणाली, "बाबा, चला." पंढरीनाथला ती पापा म्हणायची. बाबा हा शब्द तिनं तोवर कुणासाठी वापरला नव्हता. संघर्षनं तिचा कोट घेतला आणि तिघं निघून गेले. दार आपोआप लागणारं होतं, ते सावकाश लागलं.

आता कुणाला वाटेल, लोक उठले असतील. पंढरीनाथला जाब विचारला असेल, निदान माना खाली घातल्या असतील. लोकांनी ताटं घेतली. "अन्न वाया कशाला," असं एक जण म्हणाला आणि त्याला सगळ्यांनी ताबडतोब पाठिंबा दिला. श्रीखंडाला रांग लागली. नंदा भिंतीला टेकून बघत होती. ह्यांची बाळंतपणं तिनं केली होती. ह्यांच्या पोरांची रक्तं तपासून दिली होती. कोण होती ही माणसं?

श्रीरंग ताट घेऊन तिच्याजवळ आला. "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. ही माणसं जरा हळवीच असतात हो. आपण कुठे काय बोललो? उलट कदमांनी मोठेपणा दिला. तो घेता आला पाहिजे ना."

"श्रीरंग, तुमच्या ताटाखालचा रुमाल पडलाय," नंदा म्हणाली. दुसरं काही बोलली असती तर तिनं ते ताट त्याच्या तोंडावर उलटं केलं असतं.

पंढरीनाथ ढालीसमोर खुर्ची ओढून बसला होता. नंदा त्याच्याजवळ गेली. तिला वाटलं होतं, तो रडत असेल, निदान शरमला असेल.

"उद्या फोन कर त्यांना," तो म्हणाला. "तू समजव. बायकांचं ऐकतात लोक."

"काय समजवू?"

"की हेतू चांगला होता. सगळा उन्हाळा मी डोळे फोडून बसलो, नंदा. ती कमळं बघ. बुद्धाचीच ना? मुद्दाम कमळं घेतली, लिली नाही. इतका विचार कोण करतं?" त्याचा आवाज फाटला. "मी त्यांना आपल्या बरोबरीचं केलं."

तिला दुष्टपणा सापडला असता तर बरं झालं असतं. दुष्टपणाशी भांडता येतं, त्याला शिव्या देता येतात, त्याच्यापासून फारकत घेता येते. इथे दुष्टपणा नव्हताच. हा माणूस खरोखर मोठ्या मनानं खाली वाकला होता, आणि कुणी खाली आहे म्हणूनच आपण वाकलो, हे त्याला दिसत नव्हतं. जात कळत नाही, असं ती त्याच्याबद्दल सांगत फिरली होती. खरंच कळत नव्हती. माशाला पाणी कळत नाही, तशी.

ती कोट घेऊन बाहेर पडली. पैठणीवर कोट, पायात सपाता, स्टेशनपर्यंत ती जवळजवळ पळाली.

कोलोनकडे जाणाऱ्या एस-बानच्या फलाटावर तिघं बाकावर बसले होते. तसबीर कुहूच्या मांडीवर. यादवरावांनी नंदाला येताना पाहिलं आणि ते थोडे सरकले. कुहू सरकली नाही. नंदा उभीच राहिली.

"मला क्षमा मागायची आहे, भाऊ," ती यादवरावांना म्हणाली. "तसबीर मी उचलायला नको होती."

"माझी काय मागता," ते थकलेल्या आवाजात म्हणाले. "मला सवय आहे. हिला नाही."

नंदा पोरीकडे वळली. कुहूनं वर पाहिलं. रडून नाक लाल झालं होतं, लहानपणी थंडीत व्हायचं तसं.

"आणि मी दुसरं आडनाव सांगितलं असतं तर?" कुहूनं विचारलं. "कदम, पाटील, वास वाइस इख, काहीही. मग काय केलं असतंस त्या रात्री?"

संघर्ष म्हणाला, "कुहू, जाऊ दे ना."

"नाइन, नाही. तिला बोलू दे."

नंदानं उत्तर शोधलं नाही, ते समोरच होतं. "झोपले असते," ती म्हणाली. "छान झोप लागली असती मला."

समोरच्या रुळांवरून एक मालगाडी गेली, बराच वेळ. ती गेल्यावर कुहू म्हणाली, "निदान हे खरं बोललीस." पण उठून जवळ आली नाही.

गाडी आली. यादवराव चढले, त्यांनी दारात उभं राहून मागे पाहिलं, नंदाकडे नाही, कुहूकडे. ठरवायचं तिनं होतं. नंदाचा एक पाय पुढे झाला होता.

"आज नको येऊस, आई," कुहू म्हणाली. "हॉयटे निश्त. मी फोन करेन. कधी ते मला माहीत नाही."

"बरं," नंदा म्हणाली.

संघर्षनं दारातून हात जोडले. काय करावं ते नंदाला कळेना. मग तिनंही हात जोडले आणि म्हणाली, "जय भीम." तिच्या तोंडाला तो शब्द नवा होता. संघर्षनं तो ऐकला की नाही, सांगता येत नाही. दारं मिटली होती.

फलाट रिकामा झाला. तिच्या कोटाच्या खिशात मोबाइल वाजू लागला. पंढरीनाथ. तिनं वाजू दिला. तो थांबला आणि परत वाजला, तेव्हा तिनं उचलला.

"अगं, आहेस कुठे? लोक विचारतायत. मुलगी कुठे गेली, लग्न आहे की नाही, सगळे एकदम. काय सांगू?"

"खरं सांगा," नंदा म्हणाली.

मागे ताटांचा आवाज येत होता, कुणीतरी मसालेभात मागत होतं. 

"खरं म्हणजे," पंढरीनाथनं विचारलं, "नक्की काय सांगू?"

तो टोमणा नव्हता आणि भांडणही नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात नंदाला त्याचा प्रत्येक सूर ओळखू यायचा. हा माणूस खरंच विचारत होता.